गावाने न दिलेला होकार

तात्या, तुमच्या अंत्ययात्रेला अख्खा गाव आला, आणि मला त्याचाच राग आला.

बाजारातली दुकानं बंद होती. बाळूने हॉटेलचं शटर ओढून घेतलं होतं आणि खांदा द्यायला तोच सगळ्यांच्या पुढे होता. देवस्थान समितीचा अध्यक्ष आहे, त्याला पुढे राहावंच लागतं, असं कुणीतरी म्हणालं. पावसाळाभर तुम्ही पास्कूच्या चहाच्या टपरीवर येऊन बसलात की ज्यांना एकाएकी घरची कामं आठवायची, ते सगळे पांढरे सदरे घालून तुमच्या मागे चालत होते. मी तुमच्या अंगणात बायकांमध्ये उभी होते. गर्दी वळणाआड गेली तेव्हा जयूकाकी माझ्याकडे न बघता म्हणाली, "इतकी माणसा तेव्हा खंय होती गो?"

तिला उत्तर नको होतं. मला हवं आहे. आणि हा विषय तुमच्याशिवाय कुणाशी बोलायची मला सवय नाही, म्हणून तुम्हालाच सांगत बसले आहे.

आपली ओळख स्टँडवरची. मालवणच्या एसटी स्टँडवर तुम्ही कंट्रोलर होतात. खिडकीमागे बसून माइकवर गाड्या पुकारायचात, "प्रवाशांनी नोंद घ्यावी" अशा इस्त्री केलेल्या मराठीत, आणि माइक बंद केला की त्याच खिडकीतून ड्रायव्हरांना मालवणीत शिव्या. अकरावीला मी कुडाळला जायला लागले तेव्हा आमच्या घरात कॉलेज म्हणजे काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं. आबा दुसऱ्याच्या बोटीवर, आई मासे विकून येईपर्यंत मी भात लावून, भांडी घासून धावत सुटायची. गाडी सुटायला आलेली असायची. तुम्ही खिडकीतून मान बाहेर काढून ओरडायचात, "रव रे जरा, आमचा कॉलेज येता." माझं नाव तुम्ही कितीतरी दिवस घेतलंच नाही. मी म्हणजे कॉलेज.

वक्तृत्व स्पर्धेच्या आदल्या दिवशी मला आत बोलावून बंद माइकसमोर उभं केलंत. "माइकाक तोंड लावू नको, ता काय आइस्क्रीम न्हय. आणि शेवटचो शब्द गिळू नको गो चेडवा. माणूस शेवटचो शब्द आयकान गाडीत चढता." मी पदवीधर झाले, आमच्या घरातली पहिली, तेव्हा पेढे घेऊन आधी तुमच्या खिडकीशी आले होते. आज कुडाळला ऑफिसात चार माणसांसमोर उभी राहून बोलते, ते तुमच्यामुळे. हे तुम्हाला तोंडावर कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तुम्ही, "गाडीचो टाइम झालो," म्हणून उठला असतात.

त्या खिडकीतून तुम्हाला आणखी एक गोष्ट दिसायची, जी आम्हाला दिसत नव्हती. रजा अर्धी टाकून परत निघालेली फौजेतली मुलं, आणि त्यांना सोडायला आलेल्या आया. तुम्ही एकदाच सांगितलं होतंत. "बेळगावची गाडी मी पुकारलंय की झील उठता. आवस बाकड्यारच बसान रवता, जशी काय तिका आयकाकच येवक नाय. मी पुकारूक उशीर करी. पण गाडी काय, ती जातलीच."

स्टँडवरचा तुमचा आवाज निवृत्तीबरोबर गेला, देवळातला राहिला. गाऱ्हाणं घालायचा मान तुमच्या घराकडे होता. घाटावरून बदलून आलेली एक मैत्रीण आहे माझ्या ऑफिसात, तिला ही पद्धत समजावताना माझी दमछाक झाली होती. एक माणूस देवासमोर उभा राहून सगळ्या गावाच्या वतीने मागतो. एक मागणं झालं की जमलेले सगळे एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणतात, मग पुढचं मागणं. तो होकार आल्याशिवाय ते मागणं गावाचं होत नाही, एकट्याचंच राहतं. ती म्हणाली, "आणि लोकांनी होकार दिलाच नाही तर?" मी हसले होते. म्हटलं, असं कधी होत नाही.

गेल्या हिवाळ्यात बाळूच्या हॉटेलातल्या टीव्हीवर रोज कुणीतरी लढाईची भाषा करत होतं. तेव्हा आपला गाव काय म्हणत होता ते मला नीट आठवतं, कारण तुम्ही आणि मी समोरच पास्कूच्या बाकड्यावर चहा पीत होतो. बाळू रिमोट हातात घेऊन म्हणाला, "ह्यांका काय जाता बोलाक? लढाई झाली तर हंय कोण येतलो? लोका घरात बसान टीव्ही बगतली आणि आमच्यो खोल्यो रिकाम्यो." सगळ्यांनी माना हलवल्या. आबा म्हणाले, तिकडची भानगड तिकडे. जयूकाकीचा फौजेतला मुलगा संतोष रजेवर आला होता, त्याला येणारा-जाणारा सल्ला देत होता, "बदली मागान घे रे, थंय नको." हे गावाचं मत होतं. मी ते फार थोर मत म्हणत नाही. त्यात निम्मा हिशेब हॉटेलच्या खोल्यांचा होता. पण ते होतं, आणि त्यात संतोषने जिवंत राहायचं होतं.

मग ती पहाट. सीमेजवळच्या तळावर झोपलेल्या जवानांवर हल्ला झाला. लढणाऱ्यांवर नव्हे, झोपलेल्यांवर. मी ऑफिसात फोनवर ती दृश्यं पाहिली आणि काही वेळ मला समोरचे कागद दिसेनात. माझा संताप खरा होता. तो मी आजही मागे घेत नाही.

संध्याकाळी गाडीतून उतरले तर गाव बदलला होता. हॉटेलातला टीव्ही तोच, खुर्च्या त्याच, माणसं तीच. बाळू उभा राहून सांगत होता, "आता लढाई होऊकच होयी. एकदाची संपवान टाकूची." सकाळपर्यंत ज्यांना बदलीचे अर्ज सुचत होते त्यांना आता सैन्याने कुठून घुसावं ते सुचत होतं. संतोषची रजा रद्द झाली. साखरपुड्याचं ठरलेलं सगळं तसंच टाकून तो निघून गेला, आणि त्याच आठवड्यात नाक्यावर बॅनर लागला, गणवेशातला त्याचा फोटो, खाली "आमचा गाव, आमचा जवान" आणि त्याखाली शुभेच्छुक म्हणून बाळूचा फोटो, संतोषच्या फोटोपेक्षा किंचित मोठा. जयूकाकीला कुणी विचारलं नव्हतं. ती बाजारात जाताना त्या बॅनरकडे बघायची नाही. सगळं गाव तिच्या मुलाच्या नावाने छाती फुगवत होतं, आणि आठवडाभर तिच्या घरी जाऊन बसलेलं एकमेव माणूस म्हणजे तुम्ही.

मी तुमच्याकडे आले होते, हल्ल्याच्या त्याच संध्याकाळी. तुम्ही पोफळींना पाणी घालत होतात.

मी म्हटलं, "तात्या, आता गप्प बसून चालायचं नाही."

"बस म्हणान मी खंय सांगतंय? ज्यांनी ठरवूचा ते ठरवतले. पण तू परवा काय म्हणा होतीस? लढाई नको म्हणा होतीस मां?"

"परवा हे झालं नव्हतं. गोष्टी बदलल्या की मत बदलतं. त्यात चूक काय?"

तुम्ही बादली खाली ठेवलीत. "मारल्यानी तेंनी. येळ तेंनी ठरवल्यानी, जागा तेंनी ठरवल्यानी. आणि सकाळचा आमचा मत सांजचा काय होतला, ता पण तेंनीच ठरवल्यानी. मगे आमचा तेच्यात काय रवला गो?"

"म्हणजे राग पण यायचा नाही?"

"येवंदे. माका पण इलो. पण रागाक मत म्हणू नको. राग गाडीत बसणा नाय, दुसऱ्याक बसयता."

मला ते पटलं नाही. आजही अर्धंच पटतं. झोपलेल्या माणसांना मारणाऱ्यांना मोकळं सोडायचं का, या प्रश्नाला तुम्ही उत्तर दिलं नाहीत, पाणी घालायला वळलात. मी रागावून घरी गेले. आपले वाद असेच व्हायचे, तुम्ही मध्येच काहीतरी काम काढायचात.

पुढच्या सोमवारी देवळात खास नारळ ठेवायचं ठरलं. मी ऑफिसात होते. जे झालं ते मला आबांनी सांगितलं आणि नंतर जयूकाकीने, आणि दोघांच्या सांगण्यात काडीचा फरक नव्हता.

नेहमीप्रमाणे तुम्ही आधी देवळाच्या पायरीवर बसलात, कुणाला काय मागायचं आहे ते ऐकून घ्यायला. एरवी तिथे कुणाचं दुखणं, कुणाची नोकरी, कुणाची हरवलेली म्हैस. त्या दिवशी बाळू म्हणाला, "तात्यानू, आज बाकी काय नको. लढाई होऊ दे आणि तेंचो नाश होऊ दे, इतक्याच मागा."

"ता मी घालूचंय नाय. गाऱ्हाण्यात कोणाचा मरण मागूचा नाय, माझ्या बापाशीन कधी मागूक नाय."

"आडवो येता तेका उभो कर, असा तुमीच म्हणतास मां दरवर्साक?"

"तो आडवो येणारो गावचो, बाळू. तेची आवस माका म्हायत आसा, बापूस म्हायत आसा. बरेचदा तो तूच आसतंस."

लोक हसले. आबा म्हणतात, तिथेच बिघडलं. बाळू हसला नाही.

मग तुम्ही नारळ हातात घेऊन उभे राहिलात. "बा देवा म्हाराजा, तुझी लेकरा आज तुझ्या पायाकडे इली आसत, तेंची सेवा मान्य करून घे." व्हय म्हाराजा. "जे झोपेत मारले गेले, तेंच्या घरच्यांका बळ दी." व्हय म्हाराजा. "आमच्या गावचो संतोष, आणि तेच्यावांगडा जे कोण थंय उभे आसत, तेंका जसे गेले तसे आवशीकडे परत हाड."

आणि कुणी काही बोललं नाही.

त्यांना वाटलं, या मागण्याला होकार दिला की गाऱ्हाणं संपेल, लढाई मागायची राहून जाईल. बाळूने हाताची घडी घातली होती. त्याच्याकडे बघून त्याच्या शेजारच्याने घातली. अख्खा मंडप पुरुषांनी भरलेला, आणि आवाज नाही. मग बायकांच्या बाजूने जयूकाकी म्हणाली, "व्हय म्हाराजा." आमच्याकडे बायका हे मोठ्याने म्हणत नाहीत, मनात म्हणतात. ती मोठ्याने म्हणाली. तुम्ही तेच मागणं पुन्हा एकदा म्हटलंत, सावकाश, शेवटचा शब्द न गिळता. पुन्हा ती एकटीच. तुम्ही नारळ देवापुढे ठेवलात आणि प्रसाद न घेता घरी गेलात.

तात्या, मी हे जितक्या वेळा मनात घोळवते तितक्या वेळा माझं डोकं तापतं. तुम्ही काय मागितलं होतंत? शत्रूला माफ करा म्हटलं नव्हतं. सरकारने काय करावं, करू नये, यातलं अवाक्षर नव्हतं. ज्या मुलाचा फोटो यांनी नाक्यावर टांगला तो धडधाकट परत यावा, एवढंच. यांना तो लढायला हवा होता, परत यायला नको होता का? कुणाला विचारलं तर म्हणतील, तसं नव्हतं गो मनात. मनात नसेलही. मनात काय होतं याचा त्यांनी विचारच केला नव्हता, बाजूच्याची घडी घातलेली बघून आपली घातली होती. ज्यांनी हल्ला केला त्यांना आमच्या गावाचं नावही माहीत नाही, पण एका आईच्या मागण्यावर आमच्या माणसांची तोंडं त्यांनी बंद करून दाखवली.

आबाही त्यात होते. मी विचारलं तेव्हा ते पायातली चप्पल बघत म्हणाले, "मी बाळूच्या बोटीर आसंय गो."  त्या बोटीवरच्या पगारातून मी शिकले, हे मला कुणी सांगायला नको.

त्यानंतर पास्कू मला म्हणाला होता, टपरीवर दुसरं कुणी नसताना, "आमच्या फादरान रविवारी शांतीसाठी प्रार्थना केल्यान. सगळी आमेन म्हणाली, घराक गेली, जेवली. तुमच्या देवाक मात्र आधी टीव्ही बगूचो लागता." मी हसले नाही. पण हे तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही एवढे हसलात की ठसका लागला.

त्याच दिवशी मी पुन्हा वाद काढला. म्हटलं, तुम्हाला दोन्ही मागता आलं असतं. मारणाऱ्यांना शिक्षा होऊ दे, आणि संतोष परत येऊ दे. गावही खूश, जयूकाकीही. तुमचा हट्ट झाला तात्या.

तुम्ही म्हणालात, "शिक्षा देऊक कोण जातलो? संतोषच मां? एका तोंडान तेका पाठय म्हणूचा आणि तेच तोंडान राख म्हणूचा. देव म्हणतलो, तुमी आधी आपापसात ठरवान येवा."

"पण कुणाला तरी जावं लागतंच ना?"

"जावचा लागता. मी नाय म्हणूक नाय. पण जावचा लागता तेव्हा गळो दाटूक होयो, गो. हंय हार घेऊन नाचतत."

पुढचं काय झालं ते सगळ्या देशाला माहीत आहे. काही दिवस तणाव राहिला, मग निवळला. तेवढ्या दिवसांत किनाऱ्यावर बंदोबस्त वाढला, बोटी बांधून ठेवायचा हुकूम आला, ऐन हंगामात पर्यटकांना किल्ला दाखवायच्या फेऱ्या बंद. तेव्हा आपला अध्यक्ष जेटीवर पोलिसांशी वाद घालताना मी माझ्या कानांनी ऐकला, "लढाई तिकडे आसा, आमची बोट कित्याक बांधून ठेवतास?" त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही. लढाई हवी होती, पण ती जयूकाकीच्या घरातून जाणार होती. यांच्या जेटीवरून नाही.

संतोष सुखरूप राहिला. जयूकाकी म्हणते, देवाने तिच्या एकटीच्या होकारावर काम भागवलं.

पण गावाने तुम्हाला सोडलं नाही. गावाच्या ग्रुपवर काय काय लिहिलं जात होतं ते मी तुम्हाला कधी वाचून दाखवलं नाही. बरं झालं तुमचा फोन साधा होता. "गावात राहून शत्रूची भाषा" हे त्यातलं सगळ्यात सौम्य. आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ देताना गाऱ्हाणं दुसऱ्याने घातलं. तुम्हाला निरोपसुद्धा आदराने पाठवला, "तात्यांची तब्येत बरी नसता, तेंका त्रास नको." तेव्हा तुम्ही वाकून पोफळींच्या बुंध्यातलं तण उपटत होतात. तुम्हाला काहीही झालेलं नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्यांचा मान काढून घेतला आणि वर काळजी केल्याचं दाखवलं, याचा मला जितका राग येतो तितका ग्रुपवरच्या शिव्यांचाही येत नाही. शिवी देणारा निदान शिवी देतो.

तुम्ही मात्र म्हणालात, "तब्येतीचा कारण दिलेला आसा, आता ता खरा करूक होया. नाय तर समिती खोटी पडतली."

मी तेव्हा तुमच्यावर चिडले होते, असलं बोलू नका म्हणून. गणपती होऊन गेले आणि एका सकाळी तुम्ही पोफळीच्या बुंध्याशी बसलात ते उठलाच नाहीत. डॉक्टर म्हणाले हृदय. असेल. मी डॉक्टर नाही. पण पास्कूच्या बाकड्यावर एकट्याने चहा पिणारा तुमच्यासारखा बोलघेवडा माणूस मी पाहिला आहे, आणि त्याला काय होत होतं ते समजायला डॉक्टर व्हायची गरज नाही.

बारावं झालं, आणि काल शाळेच्या हॉलमध्ये शोकसभा. संतोष रजेवर आला आहे, मागच्या रांगेत आईशेजारी बसला होता. भाषणं झाली. तुमचा आवाज, तुमचा मनमिळाऊ स्वभाव. मग बाळू माइकवर आला आणि पुस्तकी मराठीत म्हणाला, "त्या भ्याड हल्ल्यानंतर तात्यांनी देवासमोर उभं राहून शत्रूच्या नाशाचं गाऱ्हाणं घातलं, आणि साऱ्या गावाने एकमुखाने होकार दिला. असा देशभक्त पुन्हा होणे नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. ज्यांनी तोंडं मिटून घेतली होती त्यांनीच वाजवल्या. तात्या, तुमचा मान घेतला, तुमची माणसं तोडली, आणि आता तुमच्या तोंडचं वाक्यही बदललं. तुम्ही नाही म्हणायला येणार नाही, एवढ्या भरवशावर.

मी उभी राहिले. म्हटलं, "हे खोटं आहे. तात्यांनी संतोष सुखरूप यावा म्हणून मागितलं होतं, आणि गावाने होकार दिला नव्हता."

बाळू माइक बाजूला धरून म्हणाला, "गो, ही शोकसभा आसा. मयताच्या नावान भांडण नको. बस तू."

"मी तुमच्याशी भांडत नाही. तुम्ही एका माणसाच्या तोंडी त्याने न मागितलेलं घालताय."

"शिकलीस म्हणान कायव बोलशीत?" पुढच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं.

आबा भिंतीशी बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

मग मागून आवाज आला. संतोष जयूकाकीला विचारत होता, हळूच, पण हॉलमध्ये तेवढाच आवाज होता. "आये, काय म्हणता ती? माझ्यासाठी काय मागलेला?"

जयूकाकीने त्याला यातलं काहीच सांगितलं नव्हतं. ती म्हणाली, "तुका परत हाड म्हणान तात्यान मागल्यान. मी व्हय म्हटलंय."

"आणि बाकीची?"

जयूकाकी पुढे बसलेल्या पाठींकडे बघत राहिली.

संतोष उठला. आवाज चढवला नाही त्याने. "बाळूदा, तुमी व्हय म्हणूक नाय?"

बाळू म्हणाला, "अरे, तेव्हा वातावरणच तसा होता."

"वातावरण थंय होता. मी होतंय थंय. तुमी हंय होतास, देवळात." मग म्हणाला, "जावचा माझा काम आसा, बाळूदा. उद्या परत सांगतले तर परत जातलंय, माका कोणाचो राग नाय तेचो. पण माझ्या जिवासाठी नारळ ठेवलो, आणि इतक्या माणसात एकव तोंड उघडला नाय?"

त्याने एकेकाकडे बघितलं. लहानपणी ज्यांनी त्याला पोहायला शिकवलं, ज्यांच्या लग्नात त्याने पंगती वाढल्या, ते सगळे होते. कुणी म्हणालं नाही की मी म्हटलं होतं. खोटं बोलणाऱ्या बाळूनेही नाही. संतोषने आईचा हात धरून तिला उठवलं आणि दोघं निघून गेली. मग सभा मोडली. ठेवलेला चहा तसाच राहिला.

तात्या, आपला वाद काही मिटलेला नाही. झोपेत मारणाऱ्यांना शिक्षा मागण्यात पाप आहे असं मी आजही मानत नाही, आणि तुम्ही असतात तर आमच्या याच पडवीत बसून तुमच्याशी भांडले असते. पण तुमचं एक मी घेतलं आहे. यापुढे कुणी माझ्यासमोर लढाई व्हायलाच हवी म्हणालं, तर मी त्याला एवढंच विचारणार आहे की जे जातील ते परत यावेत यासाठी तू मोठ्याने होकार देशील का, शेजारच्याने दिला नाही तरी. जो देणार नाही त्याच्या मताला मी मत म्हणणार नाही, मग तो माझ्या घरातला का असेना.

घरातूनच सुरुवात केली आहे. आज सकाळी आबांना विचारलं. बोटीचं, बाळूचं, पगाराचं काही काढू नका, म्हटलं, एवढंच सांगा. त्यांनी उत्तर दिलेलं नाही. कामावरही गेलेले नाहीत. पडवीत बसले आहेत, आणि मीही उठलेली नाही.